पडघ्याहून ट्रॅक किती लांब?

५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा काँक्रीटचा रस्ता पडघ्याच्या शेजारी येऊन थांबला. जुना मुंबई-आग्रा रस्ता तर इथून पिढ्यान् पिढ्या जातोच आहे. गोदामांची भाडी, जमिनींचे मोबदले, ठाणे-कल्याणहून इकडे सरकलेली वस्ती, या सगळ्यामुळे भिवंडी तालुक्याच्या या पट्ट्यात मोठ्या गाड्या नव्या राहिलेल्या नाहीत. नवी आहे ती मागणी. आता फॉर्च्युनर नको असते. दोन दारांची, बुटकी, आवाज करणारी कूपे हवी असते, आणि तिच्यासोबत एक ठरलेलं वाक्य येतं: ‘रोज नाही हो, कधीमधी ट्रॅकवर नेईन. शिवाय चार सीट आहेत, घरच्यांनाही चालेल.’

या वाक्यात दोन दावे आहेत. चार सीट घरच्यांना चालतात, हा एक. अशी गाडी कधीमधी ट्रॅकवर नेता येते, हा दुसरा. पहिला बराचसा खोटा आहे. दुसरा खरा आहे, पण त्याची किंमत शोरूममध्ये कोणी सांगत नाही.

आधी ट्रॅक डे म्हणजे काय ते पाहू, कारण त्याबद्दल गैरसमज फार. ती शर्यत नसते. नंबर लागत नाहीत, चषक नसतो. आयोजक दिवसभरासाठी सर्किट भाड्याने घेतो आणि गाड्यांचे वेगानुसार गट पाडतो. प्रत्येक गटाला साधारण पंधरा-वीस मिनिटांची काही सत्रं मिळतात. सकाळी सूचनांची बैठक होते: ओव्हरटेक कुठे करायचं, पिवळा झेंडा दिसला तर काय, लाल दिसला तर काय. गाडीची वरवर तपासणी होते, हेल्मेट लागतं आणि ‘जे होईल ते माझ्या जबाबदारीवर’ अशा कागदावर सही द्यावी लागते. शर्यतीला मोटरस्पोर्ट्स महासंघाचा, म्हणजे एफएमएससीआयचा, परवाना लागतो. ट्रॅक डेला बहुधा साधं लायसन्स पुरतं. त्यामुळेच हौशी माणसाला तो जवळचा वाटतो.

आता त्या चार सीट. कूपेच्या मागच्या सीटवर मोठा माणूस बसतो म्हणण्यापेक्षा कोंबला जातो म्हणणं बरोबर. छत उतरतं असल्यामुळे डोकं काचेला लागतं आणि गुडघ्यांना जागा नसते. पडघ्याहून शिर्डीला जायचं तर आईला मागे बसवून दाखवा, परतीचा प्रवास ती बसने करेल. लहान मुलांची गोष्ट जास्त गंभीर आहे. फोर्डची मस्टँग २०१६ मध्ये भारतात आली, तेव्हा तिची किंमत ६५ लाख होती आणि तिच्याकडे ‘कुटुंबाची स्पोर्ट्स कार’ म्हणून कौतुकाने पाहिलं गेलं. त्याच पिढीच्या मस्टँगला युरो एनकॅपने २०१७ च्या सुरुवातीला सुरक्षेचे फक्त दोन तारे दिले, आणि त्यामागच्या कारणांत मागच्या सीटचे साधे पट्टे आणि मुलांच्या सुरक्षेतल्या उणिवा होत्या. फोर्डने सुधारणा केल्यावर तारे तीन झाले. मागची सीट आहे म्हणून ती माणसांसाठी केलेली आहे, असं धरून चालू नये.

मग ती असते कशाला? या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर एका जपानी माणसाने दिलं. टोयोटाच्या जीटी८६ चे मुख्य अभियंता तेत्सुया तादा यांनी २०१२ च्या त्या गाडीची मागची सीट अशी घडवली की ती पाडली की चार सुटे टायर आणि हत्यारं आत मावतात. ट्रॅकवर जायचं, तिथे टायर बदलायचे, संध्याकाळी आपले टायर चढवून घरी यायचं. मागच्या सीटचा ट्रॅकसाठी यापेक्षा चांगला उपयोग मला तरी माहीत नाही. दोनशे अश्वशक्तीची, सव्वाबाराशे किलोच्या आसपासची ती गाडी जगभर ट्रॅकवाल्यांची लाडकी झाली. भारतात मात्र ती अधिकृतपणे विकायला आलीच नाही.

आपल्याकडे काय मिळतं ते पाहिलं की अडचण कळते. जुन्या बाजारात मस्टँग आणि ऑडी टीटी सापडतात. नव्यात बीएमडब्ल्यूची एम२ ही या प्रश्नाला सगळ्यात जवळची गाडी: चार सीट, मागच्या चाकांना ताकद, हवा तर हाताचा गिअरबॉक्ससुद्धा. २०२३ मध्ये आली तेव्हा ४६० अश्वशक्ती आणि ९८ लाख शोरूम किंमत. त्यापलीकडे एम४ आणि पोर्शे ९११ आहेत, त्यांच्याबद्दल इथे बोलण्यात अर्थ नाही. एम२ मेक्सिकोत बनते आणि तयार अवस्थेत आयात होते. चाळीस हजार डॉलरच्या वरच्या अशा गाडीवर आयातीचा कर गाडीच्या मूळ किमतीहून जास्त भरतो. पुढे महाराष्ट्रात आयात गाडीला एकरकमी वाहनकर २० टक्के. म्हणजे ९८ लाखांवर सरळ साडेएकोणीस लाख. पडघ्याच्या दारात उभी राहीपर्यंत ती सव्वा कोटीच्या आसपास पोचते. विलायतेत मधल्या फळीतल्या पगारदाराची हौस असलेली ही गाडी इथे येईपर्यंत उद्योजकाचं खेळणं होते. आणि खेळणं इतकं महाग झालं की माणूस ते ट्रॅकवर न्यायला धजावत नाही. हे मी अनेक घरांत पाहिलं आहे: गाडीवर कव्हर, आणि तोंडात जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग ट्रॅकच्या गप्पा.

समजा धजावला. मग पहिली गाठ ब्रेकशी पडते. इंजिनाच्या अश्वशक्तीची चर्चा चहाच्या टपरीवर होते, ब्रेकची कोणी करत नाही, आणि ट्रॅकवर दिवस वाया जातो तो बहुतेक वेळा ब्रेकमुळे.

आकड्यांत बघा. एम२ चं वजन पावणेदोन टनांच्या घरात आहे. अशी गाडी ताशी २०० वरून ८० वर आणली की सुमारे बावीस लाख ज्यूल ऊर्जा चार डिस्क आणि आठ पॅडमध्ये उष्णता होऊन शिरते. एवढ्या उष्णतेवर विहिरीचं सात लिटर पाणी उकळेल. आणि हे घडतं चार-पाच सेकंदांत, पुढच्या वळणाआधी पुन्हा, त्याच्या पुढच्या वळणाआधी पुन्हा. रस्त्यावर असं ब्रेकिंग वर्षातून एखाद्या वेळी, म्हैस आडवी आली तर होतं. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे शंभरच्या वेगाला छान वाटणारा ब्रेक दोनशेला चौपट काम करत असतो.

यातून दोन वेगवेगळे बिघाड होतात आणि आपल्याकडे दोन्हींना ‘ब्रेक गेला’ म्हणतात. पहिल्यात पॅडचा मसाला त्याच्या सोसण्यापलीकडे तापतो. पेडल कडक लागतं, पाय जोर लावतो, पण गाडी थांबत नाही. जळका वास येतो. दुसऱ्यात ब्रेक ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ होऊन थेट खाली जातं. पहिला बिघाड थोडं थंड केलं की बहुधा निवळतो. दुसरा जास्त वाईट, कारण तो एका वळणावर नसतो आणि पुढच्या वळणावर असतो.

कोकणपट्टीच्या माणसाने दुसऱ्याकडे नीट लक्ष द्यावं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ दर्जाचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे. त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी शिरलं की तीच हमी १५५ अंशांवर येते. चार महिने पाऊस झोडपणाऱ्या ठाणे जिल्ह्यात, पत्र्याच्या शेडखाली उभ्या असलेल्या गाडीचं दोन वर्षं जुनं ऑइल कुठे पोचलं असेल याचा विचार करा. रोजच्या वापरात हे कधीच जाणवत नाही. ट्रॅकवर तिसऱ्या-चौथ्या फेरीत जाणवतं. म्हणून जाण्याआधी नवं ऑइल, तेही वरच्या दर्जाचं, आणि चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा नीट काढून घेणं याला पर्याय नाही. खर्च काही हजारांचा. कोटीची गाडी घेणारा माणूस या खर्चावर घासाघीस का करतो, हे मला न सुटलेलं कोडं आहे. शेवटची फेरी सावकाश मारून ब्रेक थंड करायचे आणि आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, गिअरमध्ये ठेवायची किंवा चाकाला लाकूड लावायचं. तापलेला पॅड डिस्कला चिकटून बसला की पुढे घरी जाईपर्यंत स्टिअरिंग थरथरतं.

टायरचं थोडक्यात. थंड असताना ३२ भरलेली हवा काही फेऱ्यांत ३८-४० वर जाते, ती उतरवत राहावी लागते. एम२ चे मागचे टायर २८५/३०, वीस इंची. एकेक पाच आकडी रकमेचा, आणि ट्रॅकचा एखाददुसरा दिवस त्याच्या कडा खाऊन टाकतो. पडघ्याच्या सर्व्हिस रोडवर जमिनीपासून पाच इंच उंचीची ही गाडी आणि एवढा चपटा टायर कसा टिकतो हा वेगळाच विषय आहे. ट्रेलरच्या चाकांनी केलेला एक खड्डा रिमचा निकाल लावतो.

आता मूळ प्रश्न: जायचं कुठे? इथे आपलं दुखणं आहे. देशातली मोटर शर्यत मद्रासच्या आसपास वाढली. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती भरवल्या आणि १९९० मध्ये श्रीपेरुंबुदुरजवळ इरुंगट्टुकोट्टईला स्वतःचं ३.७ किलोमीटरचं सर्किट सुरू केलं. ट्रॅक डेसाठी देशात आजही मला हेच सगळ्यात योग्य वाटतं. रस्त्यावरची चांगली गाडी इथे दोन मिनिटांच्या आसपास फेरी मारते, वळणं शिकवणारी आहेत आणि सरळ भाग इतके लांब नाहीत की ब्रेक लगेच हात टेकतील. कोइम्बतूरला एस. करिवर्धन यांच्या नावाचा कारी स्पीडवे २००३ पासून आहे. हे करिवर्धन म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मारुतीच्या इंजिनावर स्वस्त फॉर्म्युला गाडी बांधून सामान्य घरच्या मुलांना शर्यतीत आणणारे गृहस्थ. त्याच शहराजवळ कोऑस्ट हे ३.८ किलोमीटरचं नवं सर्किट झालं आहे. उत्तरेला ग्रेटर नोएडात बुद्ध सर्किट आहे: हर्मान टिल्के यांचा आराखडा, पाच किलोमीटरहून थोडी जास्त लांबी, २०११ ते २०१३ अशा तीन फॉर्म्युला वन शर्यती, मग जेपी समूहाच्या आर्थिक दुरवस्थेत सापडलेली मालकी, आणि मध्ये २०२३ मध्ये एकदाची मोटोजीपी. त्याचा किलोमीटरभर लांबीचा सरळ पट्टा जड कूपेच्या ब्रेकची परीक्षा बघतो.

पडघ्याहून यातलं प्रत्येक ठिकाण साडेबाराशे ते चौदाशे किलोमीटर. गाडी चालवत नेली तर दोन दिवस जायला, दोन यायला, आणि त्या प्रवासात टायरचा रबर मधोमध झिजतो. ट्रकवर घालून पाठवणं शहाणपणाचं, आणि इथे मात्र पडघ्याला फायदा आहे. देशभर माल हलवणाऱ्या भिवंडीत बंद कंटेनर शोधायला फार फिरावं लागत नाही. तरी एका दिवसाच्या ट्रॅकसाठी आठवडाभराची सोय करावी लागते, हे राहतंच.

घराजवळचं काय? आग्रा रस्त्यानेच सरळ निघालं, कसारा, नाशिक, धुळे, शिरपूर करत सेंधव्याचा घाट चढला की पाचशे किलोमीटरच्या आसपास पिथमपूर येतं. तिथला नॅट्रॅक्स हा ११.३ किलोमीटरचा अतिवेगाचा चाचणी ट्रॅक २०२१ मध्ये पुण्याच्या प्रकाश जावडेकरांनी केंद्रीय मंत्री म्हणून खुला केला. पण तो लंबगोल आहे, गाड्यांच्या चाचणीसाठी आहे, आणि कुणी कंपनी किंवा क्लबने भाड्याने घेतला तरच आपल्याला आत पाऊल. त्यावर कमाल वेग कळतो, वळण घेणं शिकता येत नाही. लोणावळ्यापलीकडे अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ भरत आली आहे, तीही सरळ रेषेतली, चारशे मीटरची धाव. मजा आहे, पण दहा-बारा सेकंदांची. तळेगावजवळच्या नाणोली स्पीडवेच्या बातम्यांनी मुंबई-पुण्याकडची मंडळी आशेवर आहेत. ते सर्किट सगळ्यांना नियमित वापरता आलं तर या लेखातला अर्धा हिशेब बदलेल. जो प्रदेश चाकण-पिंपरीत देशाच्या गाड्या बनवतो त्याने त्या पळवायला पोरांना तमिळनाडूत पाठवावं, याची लाज उद्योगखात्याला कधीतरी वाटायला हवी. बैलगाडा शर्यतीसाठी आपण सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढलो आणि मे २०२३ मध्ये जिंकलो. तिथे घाट ठरलेला असतो, नियम असतात. मोटारीच्या वेगाला मात्र आपण जागाच नेमून दिली नाही.

जागा नाही, म्हणून मग समृद्धी. हे इथे लिहायलाच हवं, कारण पडघ्यात ‘ट्रॅक’ म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांपुढे आमण्याचा रॅम्प येतो. मोटारींना तिथे वेगाची मर्यादा ताशी १२०, घाट-बोगद्यांच्या भागात त्याहून कमी. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं किंवा वेग आजमावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी ट्रॅकवर असतं ते इथे काही नाही: घसरायला मोकळी जागा नाही, वळणावर उभा झेंडेवाला नाही, रुग्णवाहिका तयार नाही, आणि समोरचा ट्रक आपल्या गटातला नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले. त्यानंतरही रात्रीच्या वेगाचे व्हिडिओ थांबले नाहीत.

विम्याचा विषय त्याहून कमी बोलला जातो. आपल्या प्रत्येक मोटार पॉलिसीत वापराच्या मर्यादांचा एक परिच्छेद असतो. त्यात भाड्याने चालवण्याबरोबरच संघटित शर्यत, वेगाची चाचणी, पेस-मेकिंग आणि रिलायबिलिटी ट्रायल स्पष्टपणे वगळलेल्या असतात. ट्रॅक डेला ‘शर्यत नाही’ म्हणून पळवाट काढता येईल असं वाटतं, पण ‘वेगाची चाचणी’ या शब्दांत तो सहज बसवता येतो. म्हणजे इरुंगट्टुकोट्टईच्या भिंतीला लागलेली सव्वा कोटीची गाडी ही सव्वा कोटी स्वतःच्या खिशातली. ब्रिटनमध्ये एका दिवसापुरता ट्रॅकचा विमा विकत मिळतो. जर्मनीत नुर्बुर्गरिंगचा २०.८ किलोमीटरचा जुना मार्ग काही दिवस नंबर प्लेट असलेल्या कुठल्याही गाडीला टोल भरून खुला असतो, आणि शेजारच्या गावात ट्रॅकसाठीच सज्ज केलेल्या गाड्या भाड्याने मिळतात. तिथे हौशी माणूस स्वस्त गाडी झिजवतो, महाग गाडी घरी ठेवतो. वॉरंटीच्या पुस्तकातही स्पर्धात्मक वापर सहसा वगळलेला असतो, आणि आजच्या गाड्या आपला सगळा इतिहास संगणकात ठेवतात.

एवढं सगळं वाचून कूपे वाईट असा अर्थ कोणी काढू नये. दुसऱ्या बाजूने एक खरा मुद्दा आहे: अशा गाडीची रचनाच चालवण्याचा आनंद मिळावा म्हणून केलेली असते. मागच्या चाकांची ताकद, खाली असलेलं वजन, बोटभर वळवलं की वळणारं स्टिअरिंग, या गोष्टी एसयूव्हीत कितीही पैसे टाकून येत नाहीत. ट्रॅकच्या चार फेऱ्यांत जे कळतं ते रस्त्यावर दहा वर्षांत कळत नाही. आणि एकदा ट्रॅकवर मनसोक्त पळवून आलेला माणूस रस्त्यावर बहुधा निवांत होतो, हेही अनुभवी लोक सांगतात. मला ते पटतं.

प्रश्न फक्त क्रमाचा आहे. चाकणला बनलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय हजार-अकराशे किलोची, आणि जुन्या बाजारात एम२ च्या नुसत्या वाहनकराच्या अर्ध्याहून कमी पैशांत येते. तिला चांगले पॅड, नवं ऑइल आणि बरे टायर दिले तर चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईत ती दिवसभर न थकता पळेल, कारण थांबवायला वजनच कमी आहे. याच पोलोची कप शर्यत २०१० मध्ये देशात सुरू झाली, तीही डिझेल इंजिनावर. त्याहून आधीची पायरी म्हणजे कार्टिंग. कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकॅडमीचा ट्रॅक आहे. त्या एका शहराने फोक्सवॅगनच्या कप शर्यतींत उतरलेला ध्रुव मोहिते आणि ब्रिटनच्या फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेलेला कृष्णराज महाडिक दिले. पडघ्याहून कोल्हापूर चारशे किलोमीटर, एका रात्रीचा प्रवास. कार्टमध्ये चूक झाली तर टायरच्या ढिगाला आपटून हसत बाहेर यायचं. गाडी बनवणाऱ्या काही कंपन्याही बुद्ध सर्किटवर प्रशिक्षणाचे दिवस घेतात; तिथे गाडी त्यांची, टायर त्यांचे, आपली फक्त फी.

तेव्हा माझा निकाल असा. ज्याच्या दारात चार सीटची कूपे आधीच उभी आहे त्याने ती जरूर ट्रॅकवर न्यावी. इंजिनाच्या ‘ट्यूनिंग’वर एक पैसा घालण्याआधी ब्रेक ऑइल आणि पॅड बदलावेत, गाडी कंटेनरने पाठवावी, आणि गाडी मोडली तर ते पैसे गेले हे घरी आधी सांगून ठेवावं. ज्याला ती ट्रॅकच्या नावाखाली विकत घ्यायची आहे, त्याने त्या पैशांतले पहिले पन्नास हजार कोल्हापूर आणि चेन्नईच्या प्रत्येकी एका फेरीत घालावेत. परत आल्यावरही हौस तेवढीच राहिली तर गाडी घ्यावी, आणि घेताना मागच्या सीटवर मुलांना नेण्याचा विचार सोडून द्यावा.